प्रश्न आठवीतला आहे

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात घरोघरी दोनच प्रश्न विचारले जातात. किती टक्के पडले? आणि आता कोणते कॉलेज? या दोन प्रश्नांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारत नाही. या मुलाला किंवा मुलीला पुढे काय व्हायचे आहे आणि त्यासाठी अकरावीला कोणते विषय घ्यायला हवेत? गेली दहा-बारा वर्षे आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान आणि गणित शिकवत आहोत. दरवर्षी जूनमध्ये गुणपत्रिकेची झेरॉक्स हातात घेऊन पालक शाळेत येतात आणि म्हणतात, “टीचर, फॉर्म भर के दो.” त्या फॉर्मवर शाखा लिहायची असते, विषय लिहायचे असतात. तिथे काय लिहायचे हे घरातून ठरूनच आलेले असते. कोणी ठरवले? तर खालूजानने, किंवा मुंबईला असलेल्या चाचाच्या मुलाने, किंवा ‘सगळे मित्र तिकडेच चाललेत’ म्हणून मुलाने स्वतः. मुलगी असेल तर कॉलेजच्या अंतराने.

यात पालकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या सोलापूरसारख्या शहरात यंत्रमागावर पाळी करणारा बाप आणि घरी विड्या वळणारी आई मुलाला दहावीपर्यंत आणतात, हीच मोठी गोष्ट आहे. सच्चर समितीने 2006 साली सांगितले होते की 6 ते 14 वयोगटातील 25 टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली. त्या अहवालानंतर आपल्या सभा-संमेलनांत गळतीवर भरपूर बोलले गेले, ते योग्यच होते. परंतु जी मुले गळाली नाहीत, चिकाटीने दहावीपर्यंत आली, त्यांचे पुढे काय होते याकडे आपले लक्ष कमी गेले. दहावी पास झालेला मुलगा चुकीच्या शाखेत जाऊन दोन वर्षांनी घरी बसतो. ही गळतीच आहे, फक्त ती शाळेच्या हजेरीपटावर दिसत नाही.

अकरावीच्या विषयांचे स्वरूप असे आहे की काही दरवाजे एकाच बाजूने उघडतात. विज्ञान शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी पुढे बी.ए.ला जाऊ शकतो, बी.कॉम.ला जाऊ शकतो, कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाऊ शकतो. कला शाखेतून बारावी झालेल्याला मागे वळून अभियांत्रिकीकडे किंवा फार्मसीकडे येता येत नाही. विज्ञान शाखेच्या आतही पुन्हा वाटा फुटतात. राज्याच्या सीईटीत भौतिक-रसायन-गणित हा एक गट आणि भौतिक-रसायन-जीवशास्त्र हा दुसरा. अभियांत्रिकीचा रस्ता पहिल्या गटातून जातो, वैद्यकीयची नीट परीक्षा जीवशास्त्राशिवाय देता येत नाही, फार्मसीला दोन्ही गटांतून जाता येते. वाणिज्य शाखेत गणित ऐच्छिक असते. ‘कॉमर्समध्ये मॅथ्सची गरज काय?’ असे म्हणून मुले ते सोडतात आणि बारावीनंतर मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीचा फॉर्म भरायला गेल्यावर त्यांना कळते की तिथे बारावीला गणित लागते.

आमचा एक विद्यार्थी होता. हुशार, दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण. घरच्यांनी ठरवले, डॉक्टर करायचे. अकरावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेतले आणि ‘बोजा नको’ म्हणून गणित सोडले. नीटमध्ये दोनदा प्रयत्न करूनही जमले नाही. मुलाचा जीव मुळात संगणकात होता. तेव्हा लक्षात आले की अभियांत्रिकीचा दरवाजा दोन वर्षांपूर्वीच आपण होऊन लावून घेतला आहे. शेवटी त्याने बारावीचे गणित सुटा विषय म्हणून बोर्डाकडे पुन्हा दिले. त्यात आणखी एक वर्ष गेले. तीन वर्षे! पैशाचे नुकसान बाजूला ठेवू, पण गणितात नव्वद मिळवणारा मुलगा स्वतःला नापास समजू लागला होता, ते नुकसान कशाने भरून काढायचे? अकरावीला जीवशास्त्राच्या जोडीला गणितही ठेवता येते. अभ्यास वाढतो हे खरे, परंतु ज्याचे अजून नक्की ठरलेले नाही त्याच्यासाठी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. हे त्याच्या घरी वेळेवर सांगणारे कोणी नव्हते. नात्यात त्याच्या आधी कोणी विज्ञान घेतलेलेच नव्हते.

उर्दू माध्यमाच्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते, ती इतरांना चटकन कळत नाही. घरी आम्ही दखनी बोलतो, शाळेत उर्दू वाचतो, बाजारात मराठी बोलतो आणि अकरावीचे विज्ञान इंग्रजीतून शिकतो. आम्ही स्वतः अकरावीत गेलो तेव्हाचा पहिला महिना अजून आठवतो. सर फळ्यावर ‘अ‍ॅक्सिलरेशन’ लिहून भराभरा गणिते सोडवत होते आणि आमच्या आजूबाजूच्या मुली वहीत उतरवून घेत होत्या. आम्हाला ‘इसराअ’ येत होते. त्याची व्याख्या येत होती, सूत्र येत होते, उदाहरणे येत होती. पण ‘अ‍ॅक्सिलरेशन’ म्हणजेच ‘इसराअ’ हे कळायला तीन तास गेले. तसेच ‘रेझिस्टन्स’ म्हणजे मुजाहमत, ‘डेन्सिटी’ म्हणजे कसाफत, ‘सेल’ म्हणजे खलिया, ‘फोटोसिंथेसिस’ म्हणजे जियाई तालीफ. मराठी माध्यमातून आलेल्या मैत्रिणींचीही हीच गत होती. त्यांना त्वरण, रोध, घनता, पेशी आणि प्रकाशसंश्लेषण येत होते. ज्ञान दोघींकडे होते, नाव कुणाकडेच नव्हते. त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत कितीतरी मुले ‘हे आपल्याला झेपणार नाही’ म्हणून विज्ञान सोडून कलाशाखेत जातात. विषय कठीण म्हणून ती गेली असे सगळे समजतात.

म्हणून उर्दू माध्यमच बंद करा, असा सल्ला देणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. आम्हाला तो पटत नाही. उर्दूत विज्ञान शिकवता येत नाही असे नाही. हैदराबादला 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तिथे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवले जात होते आणि त्यासाठी पुस्तके भाषांतरित करणारा स्वतंत्र विभाग होता. आजची हैदराबादचीच मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ ही संस्था 1998 मध्ये स्थापन झाली, तिथेही तंत्रनिकेतन आणि बी.एड.चे शिक्षण उर्दूतून मिळते. मूल आपल्या भाषेत पहिल्यांदा समजते ते खोलवर समजते, हे आम्ही वर्गात रोज पाहतो. प्रश्न फक्त पुलाचा आहे. दहावीपर्यंतची उर्दू आणि अकरावीपासूनचे इंग्रजी यांच्यामध्ये पूल बांधायला हवा आणि तो आठवीपासून बांधायला हवा. काही शाळांनी सेमी-इंग्रजी सुरू केले आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी उर्दूतून. जिथे शिक्षक तयार आहेत तिथे हे चांगले चालते. जिथे शिक्षकच इंग्रजी पुस्तक उर्दूत वाचून दाखवतात तिथे मुलांचे दोन्हीकडून हाल होतात. आम्ही आमच्या वर्गात साधा उपाय करतो. आठवीपासून प्रत्येक मुलाची एक वेगळी वही असते, तीन रकाने आखलेली. उर्दू शब्द, इंग्रजी शब्द, मराठी शब्द. दर धड्याचे दहा-पंधरा शब्द. दहावीपर्यंत वही भरते. याला सरकारी अनुदान लागत नाही, एक वही आणि एक पट्टी लागते.

परीक्षांच्या बाबतीतही माहिती नसल्याने मुले घाबरतात. नीट परीक्षेत सुरुवातीला उर्दूचा पर्याय नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2018 पासून उर्दूतून नीट देता येऊ लागली. जेईई मेनही 2021 पासून उर्दूसह 13 भाषांत होते. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न इंग्रजी, मराठी किंवा उर्दूत घेता येतात, गणित मात्र फक्त इंग्रजीत. म्हणजे परीक्षेचा दरवाजा आपल्या भाषेसाठी उघडलेला आहे. पण प्रवेश मिळाल्यावर पुढची चार-पाच वर्षे पुस्तके इंग्रजीच असणार, हेही मुलांना आधीच सांगितले पाहिजे.

इंग्रजीबद्दल एवढी चिंता करणारे आपले पालक मराठीबद्दल मात्र बेफिकीर असतात. ‘मराठी में पासापुरते गुण मिले तो बस’ हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल! दहावीला मराठी हा कसाबसा काढायचा पेपर समजला जातो. मग तोच मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो आणि लेखी परीक्षेत मराठी व्याकरणापाशी अडतो. पदवी घेऊन राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्याला मराठीचा पेपर सक्तीचा असतो. वकिली करायची तर तालुका न्यायालयात कागद मराठीत, तहसील कार्यालयात अर्ज मराठीत. 1990 मध्ये आमच्याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी ही आपलीही भाषा आहे हे तेव्हापासून आपण व्यासपीठावरून सांगत आलो आहोत. उर्दू शाळेतल्या नववीच्या वर्गात मात्र ही गोष्ट अजून पोहोचायची आहे. मराठीत 40 आणि मराठीत 75 यांत किती नोकऱ्यांचे अंतर आहे, हे कोणीतरी त्या मुलांना बसवून समजावले पाहिजे.

गणिताची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. बी.एड.ला पदवीच्या विषयानुसार अध्यापन पद्धती मिळते. उर्दू घेऊन बी.ए. झालेला उर्दू शिकवणार, इतिहास घेतलेला इतिहास. आपल्या मुलांपैकी गणित किंवा भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. होणारे थोडे, त्यातून शिक्षकी पेशात येणारे त्याहून थोडे. त्यामुळे कित्येक उर्दू शाळांत गणित शिकवायला गणिताचा माणूस मिळत नाही, दुसऱ्या विषयाचे शिक्षक तो तास सांभाळतात. मुलांचा पाया कच्चा राहतो, मुले गणिताला भितात, अकरावीला गणित सोडतात आणि पुढच्या पिढीला पुन्हा गणिताचा शिक्षक मिळत नाही. हे चक्र बाहेरचे कोणी येऊन तोडणार नाही. आमच्या शाळेतून दरवर्षी दोन मुली जरी गणितात बी.एस्सी. करायला निघाल्या तरी दहा वर्षांत चित्र बदलेल.

शिक्षक होण्यावरून आठवले. आमच्या मुलींना ‘काय व्हायचे?’ विचारा, दहापैकी आठ जणी म्हणतात, टीचर. आमचा पेशा त्यांना आवडतो याचा आनंद आहे. पण बहुतेकींनी दुसरे काही पाहिलेलेच नसते. आमच्या बरोबरीच्या कितीतरी मुलींनी बारावी कला करून डी.एड. केले. तेव्हा जागोजागी डी.एड. विद्यालये निघाली होती. 2012 मध्ये शासनाने शिक्षक भरती थांबवली, 2013 मध्ये टीईटी आली, 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी आली. त्या मैत्रिणींपैकी अनेक जणी आज घरी शिकवण्या घेतात. त्यांच्या कष्टात काही कमी नव्हते. एकाच वाटेवर सगळ्या गेल्या आणि मधेच ती वाट अरुंद झाली. आजही शिक्षक जरूर व्हावे, पण विषय असा घ्यावा की शाळेला त्या विषयाची गरज असेल.

मुलींच्या बाबतीत अंतराचा प्रश्न खरा आहे, तो उडवून लावता येत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीला 82 टक्के मिळालेल्या एका मुलीची अम्मी आली आणि म्हणाली, “टीचर, आर्ट्सइच लिख दो. वो कॉलेज गल्ली के नुक्कड पे है. सायन्स का कॉलेज कित्ता दूर, दो बस बदलना पडता.”

आम्ही म्हणालो, “आपा, छोकरी को क्या होना बोलती, पूछे क्या?”

आई लेकीकडे पाहू लागली. मुलगी खाली मान घालून म्हणाली, “दवाई बनाते ना, वो.”

आई हसली. मग गप्प झाली. आम्ही त्या मायलेकींना कागदावर लिहून दाखवले. औषधनिर्माणशास्त्राला भौतिक आणि रसायन लागतेच, सोबत जीवशास्त्र किंवा गणित. कला शाखेतून तिकडे रस्ता नाही. शाळेतल्या आणखी दोन मुलींचा विज्ञानाचा विचार चालू होता, त्यांच्या घरी निरोप पाठवला. तिघींच्या अम्मी एकत्र बसल्या, बसच्या वेळा पाहून आल्या, एके दिवशी स्वतः त्या बसने जाऊन कॉलेजचे फाटक बघून आल्या. तिघी विज्ञानाला गेल्या. एकीने सहा महिन्यांत सोडले, घरी लग्नाची बोलणी सुरू झाली होती. दोघी टिकल्या. जी औषध बनवायचे म्हणाली होती ती टिकलेल्यांमध्ये आहे.

या मायलेकींना आम्ही दुसरी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक वाचकाने आपल्या मोहल्ल्यात सांगावी. जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी असे आपल्यातले कितीतरी समाज ओबीसी यादीत आहेत. जे यादीत नाहीत त्यांना ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र काढता येते. पण कागद कुठे आहेत? शाळेत नाव घालताना जातीच्या रकान्यात नुसते ‘मुस्लिम’ लिहिले गेले. ओबीसी प्रमाणपत्रासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधावा लागतो, कधी मोडीतली नोंद वाचून घ्यावी लागते, मग नॉन-क्रिमिलेयर, मग जात पडताळणी. हे काम बारावीचा निकाल लागल्यावर पंधरा दिवसांत होत नाही. विषयांची निवड आणि कागदांची जमवाजमव ही दोन्ही कामे एकाच वेळी, आठवी-नववीतच सुरू झाली पाहिजेत.

मग आठवीतल्या मुलाबरोबर बसून नेमके काय करायचे? आम्ही उलटी मोजणी करायला सांगतो. आधी शेवट लिहायचा आणि एकेक पायरी मागे यायचे. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसे जहाजावर गेली आहेत. कोणाला आज जहाजावर अधिकारी व्हायचे असेल तर बारावीला भौतिक, रसायन, गणितात 60 टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत 50 टक्के लागतात. म्हणजे इंग्रजीची तयारी दहावीच्या आधीच हवी. कोणाला परिचारिका व्हायचे असेल तर बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्रासह विज्ञान लागते, जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण इंग्रजीत 40 टक्के हवेत. घरची ओढगस्त असेल, लवकर कमवायचे असेल, तर दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आहे आणि तिथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर होण्यातही कमीपणा नाही. एनडीएचे दरवाजे 2021 मध्ये मुलींसाठीही उघडले, हे आमच्या किती मुलींना ठाऊक आहे? आणि ज्याला खरोखर इतिहासात, भाषेत, कायद्यात रस आहे त्याने कला शाखाच घ्यावी, मान वर करून घ्यावी. आमचा विरोध कला शाखेला नाही. ‘दुसरे काही जमणार नाही’ म्हणून ती गळ्यात मारली जाते, त्याला आहे.

ही उलटी मोजणी मुलाने स्वतः करायची असते. आपण फक्त शेजारी बसायचे. मुलगा आठवीत एक म्हणेल, नववीत दुसरे म्हणेल. हरकत नाही, कागद पुन्हा लिहावा. ज्याचे ठरत नाही त्याने जास्तीत जास्त दरवाजे उघडे राहतील असे विषय ठेवावेत.

वाचकहो, हे वार्षिक हाती घेणारे आपण बहुतेक जण शिकलेले आहोत. कोणी बँकेत आहे, कोणी कचेरीत, कोणी दवाखान्यात, कोणी न्यायालयात. आपल्या जवळच्या उर्दू शाळेत वर्षातून एक शनिवार जावे, आठवीच्या वर्गात बसावे आणि आपण अकरावीला कोणते विषय घेतले होते, का घेतले होते आणि त्यातून इथपर्यंत कसे आलो, एवढेच सांगावे. भाषण नको, हारतुरे नकोत. आमच्या मुलांनी इंजिनिअर सिनेमात पाहिलेला असतो, आपल्या गल्लीतला पाहिलेला नसतो. यंदाच्या आठवीत आमच्याकडे 54 मुले-मुली आहेत. त्यांचे तीन रकान्यांच्या वह्यांचे काम सुरू झाले आहे. पहिल्या पानावर प्रत्येकाने काय व्हायचे ते लिहिले आहे आणि त्याखालच्या पायऱ्यांची जागा सध्या कोरी आहे.